शिवेवरची एक फेरी

दर दिवाळीला या पानावर मी वाचकांना कुठेतरी हिंडवून आणतो. त्यानंतर महिनाभर पत्रे येत राहतात आणि त्यांतली निम्मी तक्रारीची असतात. ‘तुमचा गड फार सुरेख, पण आमच्या गुडघ्यांचे काय?’ असे एखादे पेन्शनर विचारतात. ‘मुलांना घेऊन पहाटे तीनला निघायचे, म्हणजे आदल्या रात्री झोपायचे की नाही?’ असे एखाद्या गृहिणी विचारतात. तक्रारी रास्त आहेत. म्हणून यंदाची सहल अशी निवडली आहे की तिला घाट नाही, कडा नाही, मुक्काम नाही. सकाळी घरचा चहा घेऊन निघावे आणि दुपारच्या वरणभाताला परत यावे. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, वाटेत दोन किल्ले आणि एक रान पाहायचे. चाल सगळी मिळून सहा-सात किलोमीटरांची, आणि खर्च लोकलच्या तिकिटाचा.

ठिकाणाचे नाव ऐकल्यावर आमच्या घरी जे झाले ते आपल्याही घरी होण्याचा संभव आहे, म्हणून सांगून ठेवतो. मी म्हणालो, “शीव आणि धारावी.” सौ.नी चकल्यांचा सोऱ्या खाली ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले.

“दिवाळीत माणसं लोणावळ्याला जातात,” त्या म्हणाल्या.

“लोणावळ्याला जाणारी गाडी पनवेलपर्यंत रस्त्यात उभी असते. आपण चालत राहू.”

धाकटा भाऊ विजू आपल्या दोन मुलांना घेऊन फराळाला आला होता. मनू बारा वर्षांची, आदू नऊ वर्षांचा. आदूने गच्चीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला केला होता, त्यावर हळीव पेरले होते आणि मावळ्यांची संख्या अपुरी असल्याने प्लास्टिकचे दोन क्रिकेटपटू बुरुजावर उभे केले होते. किल्ला हा शब्द कानी पडताच त्याने चपला घातल्या. विजू मात्र म्हणाला, “तुम्ही जा दादा. मी पाहतो मागाहून.” का म्हणाला ते मला ठाऊक होते. मी आग्रह केला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो स्टेशनवर आमच्या आधी हजर होता.

आता नावाविषयी. इंग्रजी पाटीवर ‘सायन’ आणि मराठी पाटीवर ‘शीव’. शीव म्हणजे हद्द. गावाकडे हा शब्द अजून रोजच्या वापरातला आहे. दोन गावांची शीव, दोन शेतांची शीव, शिवेवरचा दगड, शिवेवरचे भांडण. आपल्याकडे शहरात तो एका स्टेशनाच्या पाटीवर तेवढा उरला आणि रोज तिथून जाणाऱ्या लाखो माणसांना त्याचा अर्थ आठवण्याचे कारण पडत नाही. मुंबईच्या बेटांची हद्द इथे संपत होती. पुढे खाडी आणि दलदल, आणि त्यांच्यापलीकडे साष्टी. म्हणजे आजचे कुर्ला, वांद्रे, अंधेरी, घाटकोपर, पार ठाण्यापर्यंतचा मुलूख.

१६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, ही गोष्ट शाळेत सर्वांनी घोकलेली असते. पण साष्टी काही पोर्तुगिजांनी दिली नाही. माहेरच्यांनी अंगण दिले आणि वाडा आपल्याकडे ठेवला. मग कुठवर अंगण आणि कुठून वाडा, यावर दोन्ही व्याह्यांचे तंटे सुरू झाले. आपली आजची फेरी ही त्या तंट्याच्या बांधावरून आहे.

शीव स्टेशनाच्या पूर्वेला उतरावे, रहदारीचा मोठा रस्ता मुलांचे हात धरून सांभाळून ओलांडावा, आणि दहा मिनिटांत आपण टेकडीच्या पायथ्याशी येतो. पायथ्याला पंडित नेहरूंच्या नावाची बाग आहे. सकाळी तिथे फेऱ्या मारणारे आजोबा, हास्य करणारी मंडळी आणि बाकावर अभ्यासाची वही उघडून भलतीकडेच पाहणारे विद्यार्थी भेटतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालयही याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. पुराणवास्तूंची काळजी वाहणाऱ्या कचेरीला किल्ल्याच्या सावलीत जागा मिळावी, हे मला फार योग्य वाटते.

टेकडी शंकूसारखी आणि लहान आहे. पायऱ्या चढून जायला आमच्या सौ.ना वाटेत दोनदा थांबूनही फार वेळ लागला नाही. वर पडक्या भिंती, छप्पर गेलेल्या खोल्या, दगडांत रुजलेली पिंपळाची रोपे. सिंहगड-रायगड पाहिलेल्यांनी इथे भव्यतेची अपेक्षा करू नये. हा राजाचा गड नव्हे, चौकीदाराची चौकी आहे. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, कंपनीने ही चौकी बांधली. खाडीपलीकडून कोण येते ते पाहणे एवढेच तिचे काम होते. त्या काळी इथून खाडीचे पाणी आणि मिठागरे दिसत असतील. आता इमारतींची रांग, उड्डाणपूल, आगगाडीचे रूळ आणि हवा स्वच्छ असली तर पूर्वेला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो.

आदूने तटावरून चारी दिशांना पाहून घेतले आणि सेनापतीच्या सुरात विचारले, “काका, हा किल्ला आपला की शत्रूचा?”

प्रश्न सोपा वाटतो, पण मी जरा थांबलो. “बांधला इंग्रजांनी,” मी म्हणालो.

“मग शत्रू कोण?”

“आधी पोर्तुगीज. काही काळ जंजिऱ्याचा सिद्दी. आणि मग आपण.”

‘आपण’ म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. मुलांना आपण शत्रू होतो हे ऐकून आनंद होतो, हे मला नवीन होते. पण गोष्ट खरी आहे. १६८९ साली सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि त्याने माझगाव, माहीम घेऊन कंपनीच्या लोकांना त्यांच्या कोटात कोंडले. शिवेवरची चौकी त्या वेळी फारशी कामी आली नाही, कारण शत्रूने शिवेवरून यायचे सोडून समुद्रावरून यायचे ठरवले. पुढे १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टीत पाऊल ठेवले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तेव्हापासून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला खाडीपलीकडे मराठ्यांचा मुलूख दिसत होता. कुर्ला मराठ्यांचे, शीव इंग्रजांची. आज सकाळच्या गाडीत कुर्ल्याहून शिवेला यायला चार मिनिटे लागतात आणि त्या चार मिनिटांत आपण केवढी सरहद्द ओलांडली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बसायला जागा मिळाली की नाही एवढेच ध्यानात राहते.

मनूने विचारले, “मग ही सरहद्द संपली कशी?”

आधी तलवारीने आणि तहाने. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली. नंतर दगडमातीने. दोन्ही तीर एकाच मालकाचे झाल्यावर मधले पाणी अडचणीचे वाटू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला. १८४० च्या दशकात माहीम आणि वांद्रे यांच्यामधला रस्ता जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दिलेल्या पैशातून उभा राहिला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तीही या शिवेवरूनच. माणसे सुखाने जाऊ-येऊ लागली. पण बांध घातला की पाण्याची वाट अडते. तो हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही. पुढे तो निघायचा होता.

टेकडी उतरून पुन्हा स्टेशनाशी यावे आणि पादचारी पुलाने पश्चिमेला उतरावे. आता वांद्र्याकडे जाणारा जोडरस्ता धरायचा. हा तुकडा रम्य आहे असे मी म्हणणार नाही. ट्रक, रिक्षा, बसगाड्या, चामड्याच्या पिशव्यांची दुकाने आणि धूळ. चालायला अर्धा तास लागतो. ज्यांना नको असेल त्यांनी बस घ्यावी, त्यात कमीपणा नाही. धारावी डेपोच्या आसपास आलो की ‘काळा किल्ला’ कुठे, असे विचारावे. रिवा किल्ला हे त्याचे दुसरे नाव, पण ते नाव विचाराल तर लोक बुचकळ्यात पडतील. काळा किल्ला म्हटले की दहा वर्षांचे पोरही हात करून दाखवते. आम्हाला अशाच एका पोराने नेऊन पोचवले आणि वाटेत आदूला त्याची इयत्ता, शाळा आणि आवडता फलंदाज विचारून घेतला.

वस्तीच्या मध्यभागी, घरांना आणि गल्ल्यांना खेटून, काळ्या दगडाची एक आडदांड वास्तू अचानक समोर येते. जमिनीलगत दरवाजा शोधू नये, तो नाही. आत जायचे तर शिडी लावून वरून उतरायचे, अशी तिची रचना. शिडी वर ओढून घेतली की पहारेकरी आत निर्धास्त. आपण बाहेरूनच पाहावे, आत शिरण्याचा हट्ट धरू नये. पण भिंतीवरची शिळा जरूर पाहावी. तिच्यावर गव्हर्नर हॉर्नचे नाव आहे आणि साल आहे १७३७.

मनूने ते साल वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ठाणं घेतलं तेच साल!”

तेच साल. मराठे ठाण्याच्या कोटावर चढले त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी धारावीच्या खाडीकाठी हा दगडी हुंकार भरला. तहाची बोलणी करायला त्यांचे वकील गेले, शहराच्या तटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी जमवली, आणि इकडे ही बिनदाराची चौकी उभी राहिली. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण पुष्कळ ऐकले आहेत. समोरच्याला त्यांचा धाक किती वाटत होता याचा दाखला मात्र दगडात कोरलेला आणि तारखेनिशी असा क्वचित सापडतो. तो धारावीत आहे आणि त्याच्या भिंतीला टेकून कोणाचे तरी कपडे वाळत असतात.

कपडे वाळत असतात याचे मला वाईट वाटले नाही. तिथल्या एका बाईंनी आम्हाला पाणी दिले. सौ.नी त्यांना विचारले, “पाहायला येतं का कोणी?” त्या म्हणाल्या, “येतात ना मावशी. फोटो काढतात आणि जातात. कचरा कोणी काढत नाही, तो आम्हीच काढतो.” किल्ल्याचे हवालदार आज कोण, हे एका वाक्यात कळले.

आता पाय थोडे बोलू लागलेले असतात आणि ऊन चढलेले असते. इथून जवळच, जोडरस्त्याला लागून, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. फाटकावर थोडेसे तिकीट काढून आत शिरलो की पहिल्या पन्नास पावलांत रस्त्याचा आवाज मंदावतो. दोन्ही बाजूंना गर्द झाडे, खाली पानांचा थर, मधून जाणारी पायवाट. तांबटाची टुकटुक, कोतवालाची शीळ, खंड्याची एखादी निळी रेघ. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत फुलपाखरे इतकी असतात की आदूने मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे नाद सोडला. एकंदर ३७ एकरांचे हे रान. बाग म्हणवते, पण गुलाबाचे वाफे आणि कारंजी यांची अपेक्षा ठेवू नये. पावसाचे पाणी साठवणारे तळे आहे, औषधी झाडे आहेत, आणि त्यांहून मोलाची अशी निवांत सावली आहे.

सौ.नी बाकावर बसून डबा उघडला. चकली, शेव, दडपे पोहे. त्यांनी सभोवार पाहिले आणि म्हणाल्या, “एवढं जुनं रान मुंबईत राहिलं कसं?”

हे रान जुने नाही. आपण ज्या जमिनीवर बसून दडपे पोहे खातो, तिच्याखाली कचरा आहे. मुंबईचा कचरा वर्षानुवर्षे इथे येऊन पडत होता. १९७७ च्या सुमारास तो टाकणे बंद झाले. इथे निसर्गशिक्षणाची बाग करावी अशी कल्पना वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या भारतातील मंडळींनी मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती अमलात आणली. कचऱ्यावर झाड लावणे म्हणजे कुंडीत तुळस लावणे नव्हे. खाली कुजणाऱ्या ढिगातून उष्मा आणि वायू निघत असतात, जमीन खचत असते, मुळांना हवा मिळत नाही. आधी चिवट जातींची झाडे धरावी लागतात. ती जगली की त्यांची पाने पडतात, पानांची माती होते, आणि त्या मातीवर मग नाजूक झाडे येतात. १९८० च्या दशकात लागवड झाली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, हे उद्यान लोकांसाठी उघडले. आमची सौ. ज्याला जुने रान म्हणाल्या, त्याचे वय आमच्या लग्नाच्या वयापेक्षा काही फार जास्त नाही. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “त्या मानाने त्याची निगा चांगली ठेवली आहे.”

उद्यानाची एक बाजू मिठी नदीला लागून आहे. तिथे खारफुटी आहे आणि झाडांच्या फटीतून पाणी दिसते. पलीकडच्या तीरावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्याही एकेकाळच्या दलदलीत, १९७० च्या दशकानंतर भर घालून उभ्या केलेल्या. मी मुलांना नदी दाखवत होतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून ती निघते, अठराएक किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. इतक्यात पाहिले तर विजू मागून येऊन कुंपणाशी उभा होता.

२६ जुलै २००५ ला विजू कुर्ल्याला नोकरीला होता. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वर समुद्राला भरती. या नदीला जायला वाट उरली नाही आणि ती दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत शिरली. विजू दुपारी निघाला तो दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात उभा राहिला. कुर्ल्यापासून शिवेपर्यंत कमरेइतक्या, कुठे छातीइतक्या पाण्यातून तो अनोळखी माणसांची साखळी धरून आला होता. त्या साखळीतला त्याच्या पुढचा माणूस मध्येच कुठे दिसेनासा झाला. वाचला असेलही, दुसऱ्या गल्लीला वळला असेलही. विजूने त्याचे नाव विचारले नव्हते. ही गोष्ट त्याने घरी एकदाच सांगितली आणि त्यानंतर मिठीच्या काठाला तो कधी आला नाही. गाडी पुलावरून जाते तेव्हा तो वर्तमानपत्रातून डोके वर काढत नाही, हे मी पाहिले आहे.

मनूने विचारले, “बाबा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

विजूने तिच्या डोक्यावरून हात नेऊन हवेत एक रेघ दाखवली. ती आदूच्या डोक्याच्या वर होती. मग तो खारफुटीकडे पाहत म्हणाला, “हे असं सगळीकडे असतं ना, तर पाण्याला उभं राहायला तरी जागा मिळाली असती.”

मला या फेरीत जे सांगायचे होते ते त्याने सांगून टाकले. दोन किल्ले आपण पाहिले. दोन्ही ज्यांच्या भीतीने बांधले ते शत्रू गेले आणि ज्यांनी बांधले तेही गेले. पण त्या किल्ल्यांचा खरा खंदक होता ही खाडी, ही दलदल, ही खारफुटी. भरतीचे पाणी आणि पावसाचे पाणी पोटात घेऊन ती शांत बसत असे. तटाचे दगड आपण जपून ठेवले, त्यांच्यावर पाट्या लावल्या, आणि खंदक मात्र बुजवत गेलो. कोणी एकाने बुजवला नाही. पेशव्यांशी लढणाऱ्यांचे वारस, त्यांच्यानंतरचे राज्यकर्ते, आणि घराला जागा हवी म्हणणारे तुम्ही-आम्ही, सर्वांनी घमेलेभर माती टाकली. ज्या ३७ एकरांत उलटे घडले, म्हणजे बुजवलेल्या जागेवर पुन्हा रान उभे केले, ती जागा या शिवेवरच आहे, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ती राहील तोवर राहील असे म्हणून चालणार नाही. शहरातल्या मोकळ्या जमिनीवर कोणाची ना कोणाची नजर असतेच. जिथे माणसे पोरांना घेऊन जातात, ज्या जागेचे नाव घरोघरी माहीत असते, ती जागा हलवणे जड जाते. शिवेवर पहारा ठेवण्याचा आता हाच एक मार्ग मला दिसतो.

आदूला हे व्याख्यान लांबले असे वाटले असावे. त्याने विचारले, “काका, इथे पहारेकरी कोण?” मी फाटकावरच्या काठीवाल्या गृहस्थांकडे बोट केले. जाताना आदूने त्यांना लष्करी सलाम ठोकला आणि त्यांनीही तो तितक्याच गंभीरपणे घेतला.

उद्यानातून निघून धारावीच्या आतून, साठ फुटी-नव्वद फुटी रस्त्यांनी परतावे. वाटेत कुंभारवाडा लागतो. दिवाळीच्या दिवसांत तो चुकवू नये. सौराष्ट्रातून आलेली ही कुंभारमंडळी १९३० च्या दशकात इथे येऊन वसली, त्याआधी शहर वाढेल तशी त्यांना एकेक जागा सोडावी लागली होती. तेव्हा ही शहराची शीव होती, म्हणून इथे त्यांना जागा मिळाली. आता शहराचे पोट झाले आहे. गल्लीत भट्ट्या धुमसत असतात, धुराने डोळे चुरचुरतात, आणि ओट्यांवर, जिन्यांवर, पत्र्यांवर, जिकडे पाहावे तिकडे पणत्या वाळत घातलेल्या असतात. पाऊल कुठे टाकावे हा प्रश्न पडतो. एका आजीबाईंनी आदूला ओल्या मातीचा गोळा दिला आणि चाकाजवळ बसवले. त्याची पणती तिरकी झाली. आजी म्हणाल्या, “चालेल. तेल राहिलं म्हणजे झालं.”

सौ.नी तीन डझन घेतल्या, भाव करून झाल्यावर आणखी एक डझन भाव न करता घेतल्या. विजूने मातीचा एक मोठा गोळा कागदात गुंडाळून घेतला. कशाला, असे विचारल्यावर म्हणाला, “आदूच्या किल्ल्याला खंदक नाही.”

कुंभारवाड्यापासून शीव स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर. फेरी पुरी झाली.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. ऊन टाळायचे तर सात-साडेसातला निघा. पायांत मऊ बूट हवेत, टोपी हवी, पाण्याची बाटली दोघांत एक पुरणार नाही. उद्यानाची वेळ आणि सुटीचा दिवस आधी फोन करून विचारून घ्या आणि खाण्याचे कागद तिथे टाकू नका. त्या जमिनीने पुरेसा कचरा पाहिला आहे. वस्तीतून जाताना कोणाच्या दारासमोर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि कुंभारवाड्यातून आणलेल्या नव्या पणत्या लावण्याआधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरड्या पणत्या सगळे तेल स्वतःच पिऊन टाकतात, असे त्या आजीबाईंनी दोनदा बजावून सांगितले आहे.